माईकची तार वेगळी हवी

(बिडकीन येथील साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज विजेवर बोलायचे ठरले आहे. वीज हा विषय मोठा. सगळा सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट धरतो. घरात, देवळात, मंडपात आपण आवाजाची यंत्रे लावतो. टीव्ही, साऊंड बॉक्स, अँप्लिफायर, माईक, कर्णा. या यंत्रांना वीज कशी द्यावी, एवढेच आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, यात सांगायचे काय? पिन खोचली, बटण दाबले, झाले काम!”

तसे नाही, मंडळी. पंखा वर छताला असतो. दिवा भिंतीवर असतो. त्यांना आपण हात लावत नाही. पण माईक आपण मुठीत धरतो. ओठांजवळ नेतो. तो धातूचा असतो. कीर्तनकार बुवा अनवाणी उभे असतात. खाली जमीन शेणाने सारवलेली, कधी ओली असते. अशा वेळी तारेत दोष असला, तर तो दोष सरळ माणसाच्या हातात येतो. म्हणून इतर यंत्रांपेक्षा आवाजाच्या यंत्राची तार जास्त जपायला हवी.

पूर्वी हा प्रश्न गावात नव्हता. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत १५० गावे निवडली. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे केली. संध्याकाळी मंडळाने एका रेडिओभोवती बसायचे, शेतीची माहिती ऐकायची आणि मग चर्चा करायची. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी साऱ्या गावात एखादाच रेडिओ असे.

आता काळ बदलला. आपल्या शेजारी चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. तिथे टीव्हीचे संच बनत. आता तर आपल्या गावालाच शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहत आली. कामासाठी बाहेरची माणसे आली. लोकांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. घरोघर टीव्ही आला, साऊंड बॉक्स आला. भजनी मंडळांनी अँप्लिफायर घेतले. यंत्रे वाढली, पण घरातील तारा मात्र जुन्याच राहिल्या. दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी ओढलेली तार. तिच्यावरच आता मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि अँप्लिफायर, सगळे बसले. एका बैलावर चार नांगरांचे ओझे घातल्यासारखे झाले.

आता वीज घरात कशी येते ते पाहू.

आपल्याला जायकवाडीचे धरण माहीत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याचा पाया घातला. १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरणातून दोन कालवे निघतात. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. उजवा १३२ किलोमीटर. कालव्यातून चारी निघते. चारीतून शेताचा पाट निघतो.

विजेचेही तसेच. मोठ्या तारा म्हणजे कालवा. गावची डीपी म्हणजे कालव्याचे दार. खांबावरून घरात येणारी तार म्हणजे चारी. मीटर आणि मेन स्विच यांच्यापुढे घरातले पाट सुरू होतात.

फरक एवढाच की पाणी शेतात मुरते. त्याला परत जायचे नसते. विजेला मात्र परत जावे लागते. म्हणून घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते. तिला फेज म्हणतात. दुसरीतून ती परत जाते. तिला न्यूट्रल म्हणतात. तिसरी तार जमिनीत जाते. ती अर्थिंगची. फेजची तार लाल, पिवळी किंवा निळी असते. न्यूट्रल काळी. अर्थिंग हिरवी. हे रंग पाठ करा. वायरमन काम करत असताना तुम्ही नुसते बघितले तरी कळले पाहिजे की कोणती तार कुठे चालली आहे.

आता पाटाचा अनुभव आठवा. पाटाच्या शेवटी तुमचे शेत आहे. वरच्या शेतकऱ्याने दार उघडले. मग तुमच्याकडे पाणी किती येते? करंगळीएवढे! विजेच्या तारेतही असेच होते.

थोडे गणित करू. घाबरू नका, सोपे आहे.

आपल्या घरात वीज २३० व्होल्टची येते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे विजेचा प्रवाह, पाटातून किती पाणी वाहते तसा. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते. एक साधा हिशेब ध्यानात ठेवा. दर २३० वॅटला एक अँपिअर. ४६० वॅटला दोन अँपिअर. १००० वॅटच्या इस्त्रीला सव्वाचार अँपिअरच्या वर. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या सळईला साडेसहा अँपिअर.

आता समजा, मेन स्विचपासून ४० मीटर लांब तार ओढली. दुकानात जिला ‘दीड एमएम’ म्हणतात, ती तांब्याची तार. वीज ४० मीटर जाते आणि ४० मीटर परत येते. एकूण ८० मीटर. एवढ्या प्रवासात दर अँपिअरमागे जवळजवळ एक व्होल्ट दाब गळतो. पाटातून पाणी झिरपते ना, तसा.

या तारेच्या टोकाला एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर आहे. चालू असताना ती सुमारे ७ अँपिअर घेते. म्हणजे ७ व्होल्ट गळाले. त्याचे काही वाटत नाही. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट वीज ओढते. म्हणजे ३५ अँपिअर. तेवढा क्षण ३५ व्होल्ट गळाले. २३० चे १९५ राहिले! दिवा मिणमिणतो. त्याच तारेवर अँप्लिफायर असला, तर आवाज बसतो. कर्णा ‘भक्’ करतो. टीव्ही बंद होऊन पुन्हा चालू होतो. रोज असे झाले तर यंत्राचे आयुष्य कमी होते.

मिक्सरचे आणखी निराळे. मिक्सरच्या पोटात ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांची खरखर तारेतून साऊंड बॉक्सपर्यंत पोचते. घरात सून वाटण वाटते आणि ओसरीवर आजोबांच्या अभंगात खरखर होते. आजोबा सुनेवर रागावतात. खरे म्हणजे सुनेचा दोष नाही. दोष एकाच तारेचा आहे!

मग उपाय काय? उपाय म्हणजे वेगळा पाट.

मेन स्विचजवळच्या बोर्डावरून एक नवी तार काढायची. ती सरळ आवाजाच्या यंत्रापर्यंत न्यायची. वाटेत तिला दुसरे काही जोडायचे नाही. दिवा नाही, पंखा नाही, मोटर तर नाहीच. वायरमनला सांगायचे, “बाबा रे, ही लाईन स्वतंत्र ठेव.” तो समजेल.

या स्वतंत्र लाईनला काय काय लागते ते सांगतो.

पहिले, तार. तांब्याची ‘अडीच एमएम’ घ्यावी. तिच्यावर आय. एस. आय. ची खूण पाहावी. दीड एमएमच्या मानाने तिच्यात दाब कमी गळतो. मघाच्या हिशेबात एक व्होल्ट गळत होता. इथे सहा दशांश व्होल्ट गळेल. अंतर फार असेल, तर ‘चार एमएम’ घ्यावी.

दुसरे, एमसीबी. जुन्या घरात चिनी मातीचा फ्यूज असे. त्याच्या जागी आता एमसीबी आली. जास्त वीज ओढली गेली की तिची कळ आपोआप खाली पडते. या लाईनला तिची स्वतःची १६ अँपिअरची एमसीबी लावावी. कळ पुन्हा पुन्हा पडू लागली, तर मोठी एमसीबी बसवू नका. पूर्वी फ्यूज उडाला की लोक जाड तार गुंडाळत. त्यातून घरे जळाली. कळ का पडते, ते शोधा.

तिसरे, सॉकेट. तीन भोकांचे, १६ अँपिअरचे घ्यावे. ढिले सॉकेट नको. ढिल्या जागी ठिणगी पडते, तार तापते आणि आवाजात कडकड होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. हिरवी तार सॉकेटपासून मेन बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून जमिनीतल्या पाइपापर्यंत अखंड पाहिजे.

हे काम सरकारी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. गावात हौशी पोरे पुष्कळ असतात. टेस्टर खिशाला लावला म्हणजे कोणी वायरमन होत नाही. आपली माळवदाची जुनी घरे. त्यांत उंदीर फार. भिंतीवरून उघडी तार नेली तर उंदीर कुरतडतात. म्हणून तार प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी.

मघाशी वर्गातल्या एका बाईंनी विचारले, “गुरुजी, वेगळी तार ओढली तर आवाज गोड येईल का?”

प्रश्न चांगला आहे. खरे उत्तर असे, की वेगळ्या तारेने आवाज गोड होत नाही. तारेमुळे येणारा बिघाड तेवढा जातो. मोटरमुळे आवाज बसत असेल, मिक्सरची खरखर पुष्कळशी येत असेल, तर ती कमी होईल. पण मुळात कर्णा फाटका असेल, तर तार काय करणार? आणि डीपीवरूनच दाब कमी येत असेल, तर घरातली तार तो वाढवू शकत नाही. कालव्यातच पाणी नाही, तर नवा पाट खणून काय उपयोग? त्यासाठी महावितरणकडे तक्रार करावी. १९१२ या नंबरवर फोन करता येतो. शहरात काही दुकानदार सोन्याच्या भावाने विजेची वायर विकतात. म्हणतात, हिने आवाज सुधारतो. त्या नादी लागू नका. नेमकी जाडी, घट्ट जोड आणि पक्के अर्थिंग, एवढे असले की पुरे.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. नीट ऐका.

अँप्लिफायर लावला की पुष्कळदा कर्ण्यातून ‘घूं’ असा आवाज येतो. कोणी बोलत नसले तरी तो चालूच असतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. त्या हेलकाव्यांचाच तो आवाज. हा ‘घूं’ कसा शिरतो? एक कारण असे. माईकची तार आणि विजेची तार एकमेकींना चिकटून लांबवर नेलेल्या असतात. दुसरे कारण असे. अँप्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटमध्ये असतो आणि त्याला जोडलेला टीव्ही किंवा मिक्सिंगचे यंत्र दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटमध्ये असते. दोघांची अर्थिंगची वाट वेगळी. मग या दोन वाटांमधून नको ती वीज फिरते आणि कर्ण्यात ‘घूं’ वाजते.

यावर गावोगाव एक उपाय करतात. पक्कड घेतात आणि पिनेचा वरचा जाड खिळा कापून टाकतात. किंवा अर्थिंगची तार काढून टाकतात. ‘घूं’ थांबतो. पोरे टाळ्या वाजवतात. “बघा, कसा जमवला!”

अहो, ‘घूं’ थांबला, पण घातही तिथेच झाला!

तो जाड खिळा कशासाठी असतो? नीट पाहा. तीन खिळ्यांत तो सर्वांत लांब असतो. पिन खोचताना तो आधी आत लागतो. काढताना शेवटी सुटतो. म्हणजे यंत्रात वीज शिरण्याआधी पहारेकरी उभा राहतो आणि वीज गेल्यावरच जागा सोडतो. समजा, अँप्लिफायरच्या आत एखादी तार सुटली आणि पेटीच्या पत्र्याला लागली. अर्थिंग असेल, तर वीज हिरव्या तारेने जमिनीत जाते. दोष उघडा पडतो, कळ पडते. अर्थिंग नसेल, तर पेटी विजेने भरते. माईकच्या वायरीवरची जाळी पेटीलाच जोडलेली असते. म्हणून माईकही विजेने भरतो. अँप्लिफायर नेहमीसारखा चालतो. कोणाला काही कळत नाही. मग गायक माईक हातात घेतो. त्याच्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते.

हे मी भीती घालायला सांगत नाही. असे घडले आहे. इंग्लंडच्या शेजारी वेल्स देशात स्वानसी नावाचे शहर आहे. ३ मे १९७२ रोजी तिथे गाण्याचा कार्यक्रम होता. लेस हार्वी नावाचा गिटार वाजवणारा तरुण रंगमंचावर होता. वय २७ वर्षे. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला. तो लोकांसमोर कोसळला आणि गेला. पुढे मे १९७६ मध्ये कीथ रेल्फ नावाचा प्रसिद्ध इंग्रज गायक असाच गेला. तो तर आपल्या घरात विजेवरची गिटार वाजवत होता. तिचे अर्थिंग नीट नव्हते. ते श्रीमंत देश. तिथे यंत्रे भारी, कारागीर शिकलेले. तरी विजेने सोडले नाही. वीज कोणाची जात पाहत नाही, पैसा पाहत नाही, आणि समोर गाणे चालले आहे की भजन, तेही पाहत नाही.

मग ‘घूं’ थांबवायचा कसा? त्यालाही स्वतंत्र लाईनच उपयोगी पडते. अँप्लिफायर, मिक्सिंगचे यंत्र, टीव्ही, जे जे एकमेकांना जोडलेले आहे, ते सगळे एकाच सॉकेटच्या पट्टीवर लावा. पट्टी त्या स्वतंत्र लाईनवर. म्हणजे सर्वांचे अर्थिंग एकाच ठिकाणी येते. दोन वाटा राहत नाहीत. माईकची तार विजेच्या तारेपासून हातभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली, तर रस्ता ओलांडतो तशी सरळ आडवी ओलांडा, सोबत चालवू नका. माईकची वायर चांगली घ्या. एवढे केले की बहुधा ‘घूं’ जातो. तरी गेला नाही, तर जाणकाराला बोलवा. थोडा ‘घूं’ राहिला तरी चालेल. खिळा मात्र कापायचा नाही.

एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, आमच्या टीव्हीला तर कंपनीनेच दोन खिळ्यांची पिन दिली आहे. ते कसे?”

बरोबर आहे. काही यंत्रांना आत दुहेरी कवच असते. त्यांना अर्थिंग लागत नाही. त्यांच्या मागच्या पट्टीवर एक खूण असते. मोठ्या चौकोनात लहान चौकोन. ती खूण असेल, तर दोन खिळे चालतात. कंपनीने तीन खिळे दिले असतील, तर तीनच लागतात.

आणखी एक वाईट खोड सांगतो. काही लोक सॉकेटच्या आत अर्थिंगचे टोक आणि न्यूट्रलचे टोक एका तुकड्याने जोडतात. म्हणतात, “झाले अर्थिंग!” हे अर्थिंग नव्हे, हा सापळा आहे. मागे कुठे न्यूट्रलची तार तुटली, की घरातल्या सर्व यंत्रांच्या पत्र्यांत वीज येते. असे कधीही करू देऊ नका.

खरे अर्थिंग कसे असते? अंगणात खड्डा घेतात. त्यात जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा पुरतात. सुमारे अडीच मीटर लांब आणि ४० मिलिमीटर जाड. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. वर पाणी घालायला तोंड ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळून भेगाळते. कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. तुळशीला घालता ना, तसेच. आणि दोन-तीन वर्षांनी वायरमनकडून ते तपासून घ्या.

आता कोणी म्हणेल, “एमसीबी आहे ना! शॉक बसला तर ती पडेल.”

नाही पडणार. एमसीबी तारेची राखण करते, माणसाची नाही. हिशेब पाहा. एका अँपिअरचे हजार भाग केले, तर एका भागाला मिलिअँपिअर म्हणतात. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला ५० ते १०० मिलिअँपिअरही पुष्कळ झाले. १०-२० मिलिअँपिअरला मूठ आवळते, माईक सोडायचा म्हटले तरी सुटत नाही. ९ वॅटचा लहान दिवा घ्या. त्याला जळायला सुमारे ४० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे एका लहान दिव्यापुरती वीज माणसाला भारी पडते. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाची राखण करणारे यंत्र वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. काही वायरमन ईएलसीबी म्हणतात. ते फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज मोजत बसते. दोन्ही सारख्या असल्या, तर गप्प. मधे कुठे ३० मिलिअँपिअर वीज गळाली, म्हणजे ती माणसाच्या अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत चालली, की डोळ्याचे पाते लवायच्या सुमारास लाईन बंद. घेताना ‘३० मिलिअँपिअर’चेच घ्या. त्याच्यावर एक लहान बटण असते. बटणावर इंग्रजी ‘टी’ अक्षर असते. महिन्यातून एकदा ते दाबा. कळ खाली पडली, तर यंत्र जागे आहे. नाही पडली, तर वायरमनला बोलवा.

आता देवळाकडे आणि मंडपाकडे वळू.

नाथषष्ठी जवळ आली की पैठणच्या रस्त्याने दिंड्या जातात. मुक्कामाला कीर्तन होते. गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो. घरच्या लग्नाचा मांडव असतो. अशा वेळी घाई असते. कोणी तरी बांबू घेतो आणि खांबावरच्या तारेवर आकडा टाकतो. मंडळी, आकडा ही चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे तिला शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट अशी, की आकड्याला अर्थिंग नाही, एमसीबी नाही, आरसीसीबी नाही. देवाचे नाव घ्यायचे आणि बुवांच्या हातात असा माईक द्यायचा, हे बरे नव्हे. महावितरण अशा कामासाठी तात्पुरती जोडणी देते. आधी अर्ज करा. मंडपाची लाईन वायरमनकडून तपासून घ्या. स्वयंपाकाच्या ठिकाणचे दिवे एका लाईनवर, पाण्याची मोटर दुसऱ्या लाईनवर, माईक आणि अँप्लिफायर तिसऱ्या लाईनवर ठेवा. वायरीचे जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका. बुवांच्या पायाखाली कोरडी लाकडी पाटी किंवा जाड सतरंजी घाला. पाऊस आला, तर आधी मेन बंद करा, मग यंत्रे झाका.

आवाजालाही मर्यादा आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. काही सणांना ठरावीक दिवशी सरकार थोडी सूट देते. एरवी आजारी माणसाची झोप आणि पोरांचा अभ्यास यांचा विचार करावा.

एवढे करूनही कोणाला शॉक बसलाच, तर काय करावे? त्याला हाताने ओढू नका. तुम्हीही चिकटाल. आधी मेन बंद करा. मेन दूर असेल, तर कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करा. मग १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोराने दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. जमिनीत पुरणे, माती चोळणे असल्या गोष्टींत वेळ घालवू नका.

एका आजोबांनी शेवटचा प्रश्न विचारला. “मास्तर, हे सगळे एकदम करायला पैसा कुठून आणू? आधी काय करू?”

आजोबा, असे करा. आधी अर्थिंग. मग आरसीसीबी. या दोन गोष्टींनी साऱ्या घराचा जीव राखला जातो. त्यानंतर पुढच्या सुगीला स्वतंत्र लाईन. आणि तोपर्यंत? तोपर्यंत मोटर चालू असताना माईक लावू नका आणि माईक चालू असताना मोटर लावू नका. एवढ्याला तर एक पैसाही लागत नाही.

आणि एक काम आजच करता येईल, तेही फुकट. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. घरी जा. दिवसा उजेडी आपल्या यंत्राच्या मागची पट्टी वाचा. पिन काढून ठेवा आणि मगच यंत्र फिरवा. पट्टीवर आकडे असतील. २३० च्या पुढे व्होल्टचे अक्षर असेल. ५० हा हेलकाव्यांचा आकडा. वॅटचा आकडा शोधा. तो वहीत लिहा. घरातल्या सगळ्या यंत्रांचे वॅट लिहून बेरीज करा. २३० ने भागा. एका तारेवर किती अँपिअर बसले आहेत ते तुम्हाला स्वतःला कळेल. अँप्लिफायरवर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट बहुधा आवाजाच्या ताकदीचे असतात. पूर्ण आवाजात वीज त्याहून जास्त लागते. म्हणून मागची पट्टीच वाचावी. मग पिनेकडे पाहा. तिसरा खिळा शाबूत आहे का? नसेल, तर उद्याच नवी पिन बसवून घ्या.

पुढच्या वर्गाला येताना ही वही घेऊन या. आपण सगळ्यांचे हिशेब फळ्यावर मांडू. ज्यांचे भजनी मंडळ आहे, त्यांनी मंडळाच्या अँप्लिफायरचाही हिशेब आणावा. वायरमन आला की त्याच्यापुढे ती वही ठेवा. म्हणा, “एवढा आमचा लोड आहे. अर्थिंग दाखव. आवाजाची लाईन वेगळी काढ.” शिकलेल्या माणसाला कोणी सहसा फसवत नाही.